ब्रायन फिट्झपॅट्रिक : मधल्या माणसाचं मत कधी मोजायचं?

नेशामिनी

गेल्या आठवड्यात, ८ जानेवारी २०२६ला, आरोग्यविम्याच्या हप्त्यावरच्या वाढीव सरकारी अनुदानाला तीन वर्षं मुदतवाढ देणारं विधेयक हाउसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, २३० विरुद्ध १९६ असं पास झालं. सतरा रिपब्लिकनांनी नेतृत्वाचं न ऐकता बाजूने मत दिलं. त्यातले एक आमचे प्रतिनिधी, ब्रायन फिट्झपॅट्रिक. तेव्हापासून आमच्याकडच्या मराठी ग्रुपवर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, असा प्रतिनिधी मिळायला भाग्य लागतं. दुसरा म्हणतो, हे गृहस्थ पक्षाविरुद्ध जातात ते त्याने काही बिघडणार नसेल तेव्हाच. मी दोन्हीकडून भांडून झाले. मग एक रविवार बसून त्यांची २०१७पासूनची मोठी मतं कागदावर मांडली. ग्रुपवर ते वाहून जाईल, म्हणून इथे धागा काढते.

आधी ओळख. पेनसिल्व्हेनियाचा पहिला मतदारसंघ म्हणजे अख्खी बक्स काउंटी आणि माँटगोमेरी काउंटीचा एक तुकडा. फिलाडेल्फियाच्या वरच्या अंगाला, डेलावेअर नदीच्या काठाने. नदी ओलांडली की न्यू जर्सी. खाली लेव्हिटाऊन, युद्धानंतर बांधलेल्या एकसारख्या घरांचं कामगारांचं गाव. वर न्यूटाऊन, डॉइल्सटाऊन, न्यू होप. फिट्झपॅट्रिक लेव्हिटाऊनला वाढले, एफबीआयमध्ये होते, युक्रेनमध्येही काम केलं. त्यांच्या आधी या जागेवर त्यांचे थोरले भाऊ माइक होते.

२०२४मध्ये ट्रम्प यांनी बक्स काउंटी अगदी निसटत्या फरकाने जिंकली. १९८८नंतर प्रथमच रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला ती मिळाली. माँटगोमेरीचा तुकडा धरून मतदारसंघात मात्र कमला हॅरिस केसभर पुढे होत्या. त्याच मतपत्रिकेवर फिट्झपॅट्रिक बारा-तेरा टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. मी त्या दिवशी न्यूटाऊनच्या केंद्रावर काळ्या पेनाने गोल भरत होते. आमच्या राज्यात एकच खूण करून सगळी मतं एका पक्षाला द्यायची सोय २०१९मध्ये काढून टाकली, त्यामुळे दर ओळीपाशी थांबावं लागतं. मीसुद्धा वरच्या ओळीला एक पक्ष भरला आणि खाली येताना दुसरा.

आता मुद्दा. मे २०१७मध्ये ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविमा कायदा, मोडीत काढणारं विधेयक हाउसमध्ये २१७ विरुद्ध २१३ असं पास झालं. विरोधात गेलेल्या २० रिपब्लिकनांत फिट्झपॅट्रिक होते. चांगलं केलं, पण विधेयक पुढे गेलंच. ते अडलं सिनेटमध्ये जुलैच्या एका रात्री, सिनेटर जॉन मॅक्केन यांनी अंगठा खाली करून दिलेल्या विरोधी मताने.

मग २०२५. ट्रम्प यांचं ते मोठं कर-खर्च विधेयक मे महिन्यात हाउसमधून २१५ विरुद्ध २१४ असं निघालं. एका मताने. २१५मधला कुणीही एक जण उलटा गेला असता तर ते त्या पहाटे पडलं असतं. फिट्झपॅट्रिक त्या २१५मध्ये होते. सिनेटने मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, कपात आणखी वाढवून ते परत पाठवलं, तेव्हा ३ जुलैला यांनी विरोधात मत दिलं. त्यांच्या पक्षात विरोध करणारे दोघेच, दुसरे टॉमस मॅसी. पण तेव्हा निकाल २१८ विरुद्ध २१४ होता.

मला हे खुपतं. मेमध्ये त्यांच्या एका मताला किंमत होती, तेव्हा ते 'हो' म्हणाले. जुलैत नव्हती, तेव्हा 'नाही'. म्हणून मी त्या दुसऱ्या तटात होते.

पण १७ डिसेंबरला वेगळंच घडलं, आणि माझं मत हललं. त्याबद्दल खाली लिहिते, आधी तुमचं ऐकू दे.

पर्वतीपायथा

पुण्यातून वाचतोय, म्हणून प्राथमिक प्रश्न. पक्षाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जात नाही का? आपल्याकडे व्हिप मोडला की अपात्रतेची टांगती तलवार.

विदावेडा

@पर्वतीपायथा, नाही जात. आपला पक्षांतरबंदी कायदा १९८५चा, तसं तिकडे काहीच नाही. व्हिप हे पद आहे, पण तो मतं मोजतो, मनधरणी करतो, क्वचित दम देतो. समितीवरची जागा काढून घेऊ शकतात, खासदारकी नाही. खरी भीती प्राथमिक निवडणुकीची. तिकडे उमेदवारी श्रेष्ठी देत नाहीत, पक्षाचे नोंदणीकृत मतदार देतात.

नेशामिनी, तुमच्या यादीत माझी थोडी भर. किती जणांसोबत त्यांनी पक्ष सोडला ते बघा, कारण गर्दीत सामील होणं वेगळं आणि तिघांत उभं राहणं वेगळं.

२०२१चा पायाभूत सुविधा कायदा : १३ रिपब्लिकन. ६ जानेवारी २०२१ला संसदभवनावर झालेल्या हल्ल्याच्या स्वतंत्र चौकशी आयोगाला : ३५. युव्हाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतरचा २०२२चा बंदूक कायदा : १४. बंदूक विकताना सर्वांचीच पार्श्वभूमी तपासायचं २०१९चं विधेयक : ८. कामगार संघटनांना बळ देणारा प्रो ॲक्ट, २०२१ : ५. समलिंगी आणि ट्रान्स नागरिकांना भेदभावापासून संरक्षण देणारा इक्वॅलिटी ॲक्ट, २०२१ : फक्त ३.

या सगळ्यांत ते आहेत. तेव्हा 'तळ्यात-मळ्यात' म्हणून सोडून देण्यासारखा हा माणूस नाही. प्रो ॲक्टच्या मतामागे लेव्हिटाऊन दिसतं. पोलाद कारखान्यातल्या माणसांचं गाव ते, संघटनेचं कार्ड तिथे घरोघरी होतं.

मुक्ता_न

यादी छान आहे, पण निवडक आहे. दुसरी बाजू मी मांडते.

डिसेंबर २०१७चा करकायदा : बाजूने. मे महिन्यात ओबामाकेअर वाचवायला मत दिलं आणि सात महिन्यांनी, विमा न घेणाऱ्यांचा दंड शून्यावर आणून त्याच कायद्याचा एक खांब काढणाऱ्या करकायद्याला होकार दिला. ट्रम्प यांच्यावरच्या दोन्ही महाभियोगांच्या वेळी : विरोधात. २०२१मध्ये त्याऐवजी निषेधाचा ठराव मांडला. २० आठवड्यांनंतर गर्भपातावर बंदी घालणारं २०१७चं विधेयक : बाजूने. गर्भपाताला घटनेचं संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा रो निकाल रद्द झाल्यावर गर्भपाताचा हक्क कायद्यात लिहिण्याचं विधेयक : विरोधात. गर्भनिरोधकांच्या हक्काला मात्र पाठिंबा दिला, आठ रिपब्लिकनांपैकी एक. ते श्रेय मी देते.

मी डॉइल्सटाऊनमध्ये राहते, मला दोन मुली आहेत. 'मध्यममार्गी' म्हटलं की लोकांना वाटतं, प्रत्येक प्रश्नावर हा माणूस मधोमध उभा असेल. तसं नसतं. काही प्रश्नांवर तो पूर्ण या टोकाला असतो, काहींवर पूर्ण त्या. त्यांची सरासरी मधे येते. पण मी सरासरीत जगत नाही. ज्या प्रश्नाची झळ माझ्या घराला लागते त्यावर तो कुठे आहे, तेवढं मी बघणार.

नेशामिनी

मुक्ता, सरासरीचा मुद्दा पटला. माझ्या कागदावर तो नव्हता.

वॉरिंग्टनकर

घराला झळ लागण्यावरूनच लिहितो.

आमच्या गावाजवळ नौदलाचे दोन जुने तळ : वॉर्मिन्स्टर आणि विलो ग्रोव्ह. तिथे वर्षानुवर्षं आग विझवायचा फेस वापरला गेला. त्यातली पीएफएएस रसायनं जमिनीत मुरली आणि विहिरींत उतरली. २०१४पासून वॉर्मिन्स्टर, वॉरिंग्टन, हॉर्शमच्या सार्वजनिक विहिरी एकामागून एक बंद कराव्या लागल्या. ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत, म्हणून त्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात.

पिण्याच्या पाण्यासाठी २०१६मध्ये संघीय सल्ला होता ७० भाग प्रति लाख कोटी. २०२४मध्ये पहिल्यांदा बंधनकारक मर्यादा आली, दोन मुख्य रसायनांसाठी ४. म्हणजे ६९ आलं तरी निर्धास्त राहा असं जे पाणी होतं, ते या नव्या मर्यादेच्या सतरा पट ठरतं. आमची धाकटी २०१५ची. तिच्या दुधाच्या पावडरीत कुठलं पाणी घातलं ते आम्हां दोघांना पाठ आहे, कारण हिने महिना-महिना आठवून वहीत लिहून काढलं होतं. नळाचं किती महिने, बाटलीचं कधीपासून. ती वही अजून स्वयंपाकघराच्या खणात आहे, फिल्टर बदलल्याच्या तारखा आता तिच्यातच लिहितो.

फिट्झपॅट्रिक यांनी २०१९मध्ये मिशिगनच्या डॅन किल्डी यांच्याबरोबर पीएफएएसवर दोन्ही पक्षांचा गट काढला. किल्डी डेमोक्रॅट, फ्लिंटचे, जिथे नळातून शिसं आलं. पाणी बिघडलेल्या दोन गावांची माणसं एकत्र आली, पक्ष कुठला का असेना. टीव्हीवर या कामाची बातमी होत नाही, पण गेली काही वर्षं संरक्षण खात्याच्या खर्चाच्या विधेयकांत या फेसाचा विषय येत राहिला, तो अशा लोकांनी धसास लावला म्हणून. मी त्यांना मत देतो ते यासाठी. निर्णायक मत वगैरे माझ्यासाठी दुय्यम आहे.

खडीसाखर

वही वाचून घशात आवंढा आला.

विदावेडा

वॉरिंग्टनकर, पाण्याबरोबर हवाही. २०१८मध्ये फ्लोरिडाच्या कार्लोस कर्बेलो यांच्या कार्बन कराच्या विधेयकाला त्यांनी साथ दिली होती. त्याच महिन्यात हाउसने कार्बन कर वाईट असल्याचा ठराव केला, म्हणजे वारा कुठल्या दिशेने वाहत होता ते स्पष्ट होतं. कर्बेलो त्या नोव्हेंबरमध्ये पडले.

डबेवाली_लँगहॉर्न

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते.

मी घरून डबे देते, नवरा स्वतंत्र कंत्राटावर काम करतो. दोघांनाही कंपनीचा विमा नाही, राज्याच्या विमाबाजारातून घेतो. ३१ डिसेंबरला वाढीव अनुदान संपलं. नोव्हेंबरमध्ये नवीन वर्षाचा हप्ता पडद्यावर आला तेव्हा मला वाटलं आकडा चुकून दोनदा मिळवलाय. नवऱ्याने तीनदा पान ताजं केलं. आकडा तोच. आता आम्ही खालच्या दर्जाची योजना घेतली आहे, जिच्यात आधी भलीमोठी रक्कम खिशातून भरायची आणि मग विमा सुरू. माझी थायरॉईडची तपासणी मी पुढे ढकलली आहे.

१७ डिसेंबरचं काय ते मला नीट कळलं नाही. ताई, सांगाल?

नेशामिनी

सांगते. आणि तपासणी पुढे ढकलू नका हो. काउंटीतली काही आरोग्य केंद्रं उत्पन्न बघून फी घेतात, मी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हाउसमध्ये कुठलं विधेयक चर्चेला घ्यायचं ते सभापतीच्या हातात असतं. त्याने ठरवलं की घ्यायचं नाही, तर बहुमत असूनही ते समितीत धूळ खात पडतं. त्याला एकच तोड आहे : डिस्चार्ज पिटिशन. २१८ सदस्यांनी त्यावर सह्या केल्या की विधेयक समितीतून काढून सभागृहात आणावंच लागतं. सह्या उघड असतात, कुणी केली ते सगळ्यांना दिसतं. स्वतःच्या पक्षाच्या सभापतीविरुद्ध सही करणं हे साध्या विरोधी मतापेक्षा मोठं पाप समजतात. मताने एका विधेयकाला विरोध होतो, सहीने थेट नेतृत्वाच्या अधिकाराला.

अनुदानाच्या प्रश्नावर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद राहिलं आणि हाती काही लागलं नाही. फिट्झपॅट्रिक यांनी स्वतःचा मधला मार्ग आणला : दोन वर्षं मुदतवाढ, सोबत उत्पन्नाची मर्यादा आणि गैरप्रकार रोखायच्या अटी. नेतृत्वाने तो मतदानालाच येऊ दिला नाही. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट नेते जेफ्रीज यांचं पिटिशन होतं, तीन वर्षांचं, विनाअट. त्यावर २१४ सह्या झाल्या होत्या, सगळ्या डेमोक्रॅटांच्या. चार कमी.

१७ डिसेंबरला त्या चार पडल्या. न्यू यॉर्कचे लॉलर, आणि बाकी तिघे पेनसिल्व्हेनियाचे : ब्रेसनहॅन, मॅकेन्झी, फिट्झपॅट्रिक. बरोबर २१८. यातली एक जरी नसती तरी पिटिशन तिथेच थांबलं असतं. विनाअट मुदतवाढ त्यांना पसंत नव्हती, पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी अशी त्यांची भूमिका होती.

म्हणून माझं मत हललं. गेल्या मेमध्ये त्यांच्या हाती एक निर्णायक मत होतं, ते त्यांनी पक्षाला दिलं. डिसेंबरमध्ये एक निर्णायक सही होती, ती डबेवालीताईंसारख्यांना दिली. माझ्या लेखी ३ जुलैचं ते गाजलेलं 'नाही' या सहीपुढे फिकं आहे, आणि टीव्हीवर मात्र अजून तेच दाखवतात.

मुक्ता_न

पण उशीर झाला ना? सही डिसेंबरच्या मध्यावर, मतदान जानेवारीत, अनुदान ३१ डिसेंबरला संपलेलं. वरातीमागून घोडं. आणि सिनेटने ११ डिसेंबरलाच अशी तीन वर्षांची मुदतवाढ ५१ विरुद्ध ४८ अशी अडवली होती, ६० मतं लागतात म्हणून. म्हणजे हे 'निर्णायक' फक्त हाउसपुरतं. डबेवालीच्या हप्त्यात एक डॉलरचा फरक पडला का?

डबेवाली_लँगहॉर्न

नाही पडला अजून.

पण मुक्ताताई, एक सांगू? ८ तारखेला माझ्या फोनवर बातमी आली तेव्हा मी चपात्या लाटत होते. सतरा जण आले हे वाचून मला बरं वाटलं. चार जणांनी दार ढकललं म्हणून सतरा जणांना आत यायला मिळालं, असं मला समजलं. ऑक्टोबरमध्ये हीच सही झाली असती तर किती आले असते, हा प्रश्न मलाही पडतो. तो मी त्यांच्या लँगहॉर्नच्या ऑफिसात पत्र लिहून विचारणार आहे. इंग्रजी तपासून द्याल का कुणी?

मुक्ता_न

मी देते. आजच पाठवा.

एडिसनचा_पाहुणा

मी नदीच्या पलीकडचा, पण ग्रीनकार्डच्या रांगेत असल्याने विचारतो. आपल्या प्रश्नावर हे मधले लोक काय करतात?

विदावेडा

दोन वेगळे प्रश्न आहेत. लहानपणी कागदपत्रांशिवाय आणलेल्या मुलांसाठीचं २०१९चं ड्रीम अँड प्रॉमिस विधेयक २३७ विरुद्ध १८७ असं हाउसमधून गेलं. सात रिपब्लिकन बाजूने, त्यांत फिट्झपॅट्रिक. पण एच-१बीवाल्यांची कायदेशीर आलेली मुलं त्यात नव्हती, जी २१ पूर्ण झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. त्यांना २०२१च्या विधेयकात जागा मिळाली, आणि त्याच जुलैत त्यांच्यासाठी दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी अमेरिकाज् चिल्ड्रन ॲक्ट आणला. दोन्हींचा कायदा झाला नाही.

नोकरीवरच्या ग्रीनकार्डांत कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा न देणारी मर्यादा काढायचं विधेयक जुलै २०१९मध्ये हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं. एवढं दणदणीत! सिनेटनेही डिसेंबर २०२०मध्ये आपली आवृत्ती एकमुखाने काढली. दोन्ही आवृत्त्यांचा मेळ बसला नाही आणि त्या संसदेची मुदत संपली. तिथे मध्यममार्गी कमी पडले असं नाही म्हणता येणार, मोठं बहुमत बाजूने होतं. तिथे शेवटचा आठवडा कमी पडला.

एडिसनचा_पाहुणा

माझा मुलगा १९चा आहे. हे वाचून आज झोप लागणार नाही, पण धन्यवाद.

लेव्हिटाऊन_काका

मी इथे १९८६पासून. थोरल्या फिट्झपॅट्रिकलाही मत दिलंय, तो २०२०मध्ये गेला तेव्हा हळहळलो.

पोरांनो, तुम्ही हाउसमधली मतं मोजताय, पण धाकट्या फिट्झपॅट्रिकना अडवणारी जागा त्याच्या आधीच आहे. आपल्या राज्यात प्राथमिक निवडणूक बंद दाराआड होते. ज्याने पक्ष नोंदवला नाही त्याला त्या दिवशी उमेदवार निवडायला मतपत्रिका मिळत नाही. २०२४च्या प्राथमिक फेरीत त्यांच्याच पक्षातला कट्टर गर्भपातविरोधी उमेदवार उभा होता, आणि त्याला एक तृतीयांशाहून जास्त मतं पडली. मेमधलं ते 'हो' कुठून येतं ते तुम्हाला समजायचं असेल तर त्या एक तृतीयांशाकडे बघा. फिट्झपॅट्रिक स्वतः म्हणतात की अपक्ष मतदारांना प्राथमिक फेरी खुली करा, त्यासाठी त्यांनी विधेयकही आणलंय.

आता मला सांगा, या धाग्यावर बक्स काउंटीतले किती जण पक्ष नोंदवून आहेत?

वॉरिंग्टनकर

मी नाही, काका. कुठल्याच पक्षात नाही, असं लिहिलंय.

मुक्ता_न

मी डेमोक्रॅट. नोंदलेली.

डबेवाली_लँगहॉर्न

मला नागरिकत्व २०२३मध्ये मिळालं. फॉर्मवर 'पक्ष नाही' ला खूण केली, कारण कुणाच्या बाजूने दिसायला नको असं वाटलं.

नेशामिनी

मी पण. अगदी तेच कारण. शपथविधीच्या दिवशी बाहेर टेबल मांडलेलं होतं, साडीचा पदर सावरत उभ्या-उभ्या फॉर्म भरला, आणि त्या रकान्यापाशी हात आपोआप तिकडे गेला.

काका, तुम्ही म्हणता ते मी कागदावर धरलंच नव्हतं. माझ्यासारखी माणसं नोव्हेंबरमध्ये एक पक्ष वर, दुसरा खाली असे गोल भरतात, आणि मे महिन्यात, ते गोल कुणाच्या नावापुढे असावेत हे ठरताना, घरी असतात. मग मेच्या त्या 'हो'ला मी कशी नावं ठेवू?

२०२६ची प्राथमिक फेरी १९ मेला आहे. नोंद बदलायची मुदत १५ दिवस आधीची, म्हणजे ४ मे. फॉर्म ऑनलाइन आहे, गाडी चालवायच्या परवान्याचा नंबर लागतो. मी आत्ता तो उघडून बसले आहे. पक्षाच्या रकान्यापाशी आल्ये. मुक्ता, तुमची यादी आणि विदावेडांची यादी, दोन्ही शेजारी ठेवल्यात. डबेवालीताई, तुम्हीही भरणार असाल तर रविवारी माझ्याकडे या, पत्रही तेव्हाच पुरं करू.

डबेवाली_लँगहॉर्न

येते. येताना पुरणपोळ्या आणते.